अव्वा, या वेळी सिमवाला टॅबलेट घेतलाय

प्रिय अव्वा,

ओरडू नका. सिमवालाच घेतलाय. आज राजारामपुरीत जाऊन घेऊन आले आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या तुम्हाला सांगावंसं वाटलं. सांगणार कुठं? म्हणून लिहायला बसले. गेलेल्या सासूला पत्र लिहिणारी सून म्हणून हसणार असाल तर खुशाल हसा.

तुम्ही गेलात आणि माझं विमान उडवणंही संपलं, असंच मी धरून चालले होते. पायलटच्या परवान्याची शेवटची तेवढी परीक्षा राहिली होती. पण त्यासाठी ट्रेनिंगच्या गावाला जाऊन राहायचं, मग ईशाला शाळेतून कोण आणणार? आणि घरात माझ्या बाजूनं बोलणार कोण? महेश चांगला आहे हो, तुमचाच मुलगा. पण अप्पांसमोर, स्वतःच्या वडिलांसमोर, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. बोलायच्या त्या तुम्ही.

आठवतंय का, हे सगळं परत सुरू कुणी केलं? लग्नाआधी घेतलेलं ट्रेनिंग मी अर्धवट टाकलं होतं. मग ईशा झाली, आणि मी तो विषयच काढायचं बंद केलं. तुम्ही एकदा आपल्या दुकानात साड्यांच्या घड्या घालता घालता विचारलंत, "काय गं, त्ये विमानाचं कधी पुरं करणार हाईस? का तसंच सोडलंस?" अप्पा गल्ल्यावरून म्हणाले, "विमान चालवायला बाप्ये कमी पडले व्हय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "साड्या नेसायच्या बायकांनी आणि विकताय तुम्ही. त्ये चालतंय की!"

समोर बसलेल्या गिऱ्हाईक बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मी? मी आत जाऊन रडले, अव्वा. आनंदानं. तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

मग टॅबलेट घ्यायची वेळ आली. नकाशे, हवामान सगळं त्यावरच बघायचं असतं. दोन माणसांच्या त्या विमानात ठेवायला जागा कुठली? पट्ट्यानं मांडीला बांधायचा. मला मोठाच्या मोठा हवा होता, सगळं ठळक दिसेल म्हणून. तुम्ही म्हणालात, "घ्यायला मी येणार." झालं! मी मनात म्हटलं, आता दुकानदाराची काही खैर नाही.

साडी उन्हात नेऊन बघितल्याशिवाय तुम्ही कधी घेतली नाहीत, टॅबलेट कसा घ्याल? दोन्ही हातांत दोन धरून निघालात बाहेर. तो पोरगा मागनं पळत आला, "मावशी, बाहेर न्यायचं नसतं!" तुम्ही वळलात. "का? विमान तुझ्या दुकानात उडवणार हाय व्हय ती?" उन्हात धरलं तर एकात नकाशा दिसेना, आमचीच दोन तोंडं दिसायला लागली. कॉकपिटमध्ये चारी बाजूंनी काच, वरनं ऊन. आतल्या दिव्यांत तो सुरेख दिसत होता, मी तोच घेऊन बसले असते.

त्यावर थांबलात का? छे! मला खुर्चीवर बसवलंत, मांडीवर मोठा टॅबलेट ठेवलात, गुडघ्यांच्या मध्ये तुमची छत्री उभी केलीत. "हा तुझा विमानाचा दांडा. ओढ पोटाजवळ." ओढला, तर छत्री टॅबलेटला अडली. विमान उतरवताना नाक वर धरायला तो दांडा मागे यायलाच लागतो, अव्वा! दुकानातली सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तुम्ही आपल्या निवांत. "ल्हान दाखव रे," म्हणालात.

इथपर्यंत तुमचं बरोबर. पण सिमचं काय? "वर आभाळात कुणाला फोन लावणार हाईस? बिनसिमचा घे." मलाही ते पटलं. पुष्कळ टॅबलेटांत जीपीएस सिमवाल्यातच असतं, हे ना तुम्हाला ठाऊक ना मला.

पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. मी तीन हजार फुटांवर, शेजारी शिकवणारे सर, आणि नकाशावरचं ते इवलंसं विमान जागचं हलेना. घरातल्या वायफायवर शेवटचं जे ठिकाण कळलं होतं, तिथंच अडून बसलेलं! सरांनी विचारलं, "मॅडम, आपण कुठं आहोत?" मी म्हटलं, "सर, याच्या हिशेबानं आपण कोल्हापुरात, माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आहोत." सर हसून हसून लाल झाले. मग त्यांनी तो बंद करून कागदी नकाशा हातात दिला आणि तो सगळा तास मला खाली नदी, पूल, कारखान्याची चिमणी बघत बघत यायला लावलं. आले की नीट परत!

रात्री फोनवर तुम्हाला सांगितलं, तर चूक कबूल कराल? "बरं हाय की. घर तर इसरत न्हाय." शेवटी काडेपेटीएवढं वेगळं जीपीएसचं यंत्र घेऊन त्याला जोडावं लागलं. त्याच जोडीवर मी बाकीचं सगळं ट्रेनिंग केलं.

तेवढ्या काळात ईशाची वेणी, डबा, ताप, सगळं तुम्ही काढलंत. मी एकदाही आभार मानले नाहीत. मानले असते तर "परकी हाईस व्हय?" म्हणून खेकसला असतात. पण मला मानायचे होते. आता मानते. अव्वा, माझ्या आईनं मला शिकू दिलं, तुम्ही मला उडू दिलंत. फार, फार उपकार आहेत तुमचे.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला, परीक्षेला येताय ना? मी टॅबलेट काढला तर बॅटरी फुगून काच वर आलेली. असली वस्तू विमानात न्यायचीच नाही. मला वाटलं, चला, सुटले. आज सकाळी चहा देताना अप्पांच्या कानावर घातलं, टॅबलेट गेला, आता राहू दे ते. अप्पांनी कप खाली ठेवला, पायांत चपला घातल्या. "चल," म्हणाले.

दुकानातला माणूस मला ओलांडून अप्पांनाच सांगायला लागला. "काका, तुम्हाला बातम्या बघायला, भजनं ऐकायला हा बरा पडेल." अप्पा एवढ्या मोठ्यानं बोलले की रस्त्यावरची माणसं थांबली. "मला काय सांगतोस? तिला सांग. विमान ती चालवती. सून हाय आमची!"

आणि येताना रिक्षात, बाहेर बघत, हळूच मला विचारलं, "ईशाची शाळा कितीला सुटती गं?"

अव्वा, आता या घरात माझ्यासाठी भांडायला कुणी लागत नाही. तेवढं तुम्ही पुरं करून गेलात.

सोमवारी निघतेय. पास झाले तर उत्तमच, नापास झाले तर पुन्हा देईन, पण आता हे अर्धवट सोडणार नाही. शब्द देते.

तुमची सून,
स्वाती