बोलतं सरतं कोणाच्या रक्तातलं

मी, बंडूजी नत्थूजी महाकाळकर, वय सुमारे एकसष्ट (आईने कधी एक वर्ष कमी सांगितले, कधी एक जास्त), धंदा शेतीची अवजारे बनविणे, राहणार वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय आणि कोणाचा चहा न पिता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांना चष्मा लागला आहे, पण कान शाबूत आहेत. पलीकडच्या खोलीत माझा थोरला भाऊ तानबा माझ्या बायकोला विचारतो आहे, "काय लिवून राह्यला वं तो इतकं?" तेही मला ऐकू येते.

कलम १. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक बायको देवकाबाई हिची. तिच्या माघारी घर दत्तक मुलगा हरिदास याचे. देवकाबाईने माझ्या हातोडीचा ठणठणाट तीस वर्षे ऐकला. आता तिला शांतता मिळावी.

कलम २. आमचे वडील नत्थूजी यांची खाट तानबाला द्यावी. दोरी सैल आहे, ती तशीच ठेवावी. वडील भला माणूस, पण ती दोरी त्यांनी आयुष्यात कसली नाही. पुढचे कलम वाचताना तानबाने त्याच खाटेवर बसावे.

कलम ३. कारखाना देण्याआधी मला एक खोटे परत घ्यायचे आहे.

सरतं म्हणजे पेरणीची पोकळ नळी. बाई तिफणीमागे चालत तिच्या तोंडात बी सोडत जाते. शेणात चोळून वाळवलेली सरकी आणि खालून ओली माती, त्यामुळे नळी कधी बुजते ते कळत नाही. आठ दिवसांनी अख्खे तास, म्हणजे पेरलेली ओळ, रिकामे दिसते आणि घरात बोलणी खावी लागतात. माझ्या सरत्यात पत्र्याची जीभ आहे. बी पडले की टक् वाजते. आवाज थांबला की बाई थांबते. तालुक्यात याला 'बोलतं सरतं' म्हणतात. शहात्तर साली प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. हिंगणघाटच्या एकाने नक्कल काढली. ते सरतं बोलत नाही, खोकते. त्याला मी माफ केले आहे.

एकोणऐंशी साली एक प्राध्यापक फॉर्म घेऊन आले. नवीन सुचणारे डोके वंशातून येते काय, याचा त्यांचा अभ्यास होता. बियात जसा वाण असतो तसा माणसातही असतो, असे त्यांनी समजावले. मला पटले. फॉर्मात रकाने होते: स्वतः, बाप, आजा, पणजा. बापाच्या रकान्यापाशी माझी जीभ घसरली. म्हटले, "वडिलांचं डोस्कं लय चालायचं. विहिरीचा रहाट त्यायनं आपल्या मनानं नवा बसवला." असला रहाट आमच्याकडे कधी नव्हता.

माझी आई रुख्माबाई दाराशी तूर निवडत बसली होती. प्राध्यापक गेल्यावर म्हणाली, "बंड्या, माहं नाव पुसलं काय रे त्यानं?"

"नाई पुसलं."

"मंग तू काऊन नाई सांगतलं?"

मी चहाचे कप उचलून आत गेलो. पुढच्या वर्षी ती वारली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

खरे असे की, चाळीशीत तिच्या डोळ्यांवर सारा आला, पडदाच तो. सरत्यात बी पडते की नाही ते दिसेना, आणि पेरणीला मजुरीने दुसरी बाई सांगायला घरात कवडी नव्हती. तिने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बांबूच्या सरत्यात आतून दोऱ्याने बांधला. मी शेताच्या धुऱ्यावर बसून ऐकायचो. बैलांच्या घागरमाळा, बायांचे गाणे, आणि त्या सगळ्याखालून आईचे टक्, टक्, टक्. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे मी लोखंडाचे केले, रंग दिला, विकले. बाकी सगळे तिचे.

कलम ४. मुलगी यशोदाबाई एकटीच. म्हणून बहात्तर साली तानबाचा हरिदास दत्तक घेतला. तानबा म्हणाला होता, "कारखाना आपल्याच रक्तात राह्यला पाह्यजे." मीही मान डोलावली. कानाचा वाण बापाकडून आला, असे धरून पुतण्या घेतला. वाण तर आईकडचा होता.

दोन वर्षांपूर्वी पाच सरती ओळीने टांगून बी सोडले आणि हरिदासला विचारले, "कोणतं बिघडलं?"

तो म्हणाला, "काकाजी, खरं सांगू? मले तं पाची सारखेच वाजते."

यशोदा पवनारहून माहेरी आली होती. कणीक मळता मळता आतून ओरडली, "बाबा, तिसऱ्याची जीभ उलटी बसली!"

उलटीच बसली होती. आता हे तिला रक्तातून आले, की लहानपणी आजीच्या मांडीवर बसून बसून आले, ते मला ठरवता येत नाही. प्राध्यापकांनी ठरवावे.

म्हणून कारखाना, भाता, ऐरण आणि सगळी हत्यारे यशोदाबाईची. पवनारला न्यावीत की इथेच ठेवावीत, ते तिने बघावे. जावईबापूंनी गिऱ्हाईक सांभाळावे, हत्यारांना हात लावू नये. अट एकच. प्रत्येक सरत्यावर 'रुख्माबाई' असा ठसा मारावा.

कलम ५. तीन एकर शेत व बैलजोडी हरिदासची. त्याने हे कमीपणाचे समजू नये. मारका गोऱ्हा त्याच्या नुसत्या बोलण्याने जुवाखाली मान देतो. ही कला माझ्यात नाही, तानबात तर नाहीच. ती कोणाच्या वाणाची, त्याला फॉर्मात रकाना नव्हता.

कलम ६. प्राध्यापकांना मी रजिस्टर पत्र पाठवले आहे. रहाट खोटा, असे कळवले आहे. फॉर्मच्या माझ्या प्रतीत आईचे नाव मी समासात लिहिले. समासात ते दाटीने बसले आहे, पण वाचता येते.

कलम ७. मला नेताना बँड लावू नये. आईचे बांबूचे सरतं माळ्यावर आहे. यशोदाने त्यात मूठभर सरकी एकेक करून सोडावी, आणि आवाज नीट आला की मग मला उचलावे. नाही आला तर आधी सरतं दुरुस्त करावे. मला घाई नाही.

वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे ऐकूनही ते बसून राहिले, याबद्दल आभारी आहे.

सही: बंडूजी नत्थूजी महाकाळकर

साक्षीदार:
१. लक्ष्मणराव झाडे, निवृत्त शिक्षक, वडनेर
२. प्रेमदास भोयर, किराणा दुकानदार, वडनेर

ठिकाण: वडनेर
दिनांक: ७ मे १९८४