चौसष्ट हरणं

अल ऐन, १४ जानेवारी २००९

प्रिय वासुदेवराव,

हरणांच्या पहिल्या मोजणीला आपल्या दोन शेखांच्या रानांमधल्या कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून आपण एकाच थर्मासमधला चहा प्यायलो होतो. तुम्ही हसून म्हणालात, "मृणालिनीताई, एकाच वेळी मोजायचं हं! नाहीतर एकच हरीण दोन्ही शेखांचं व्हायचं."

नोव्हेंबरात तुम्ही रजेवर होतात, तेव्हा मी नेमकं तेच केलं. मंदी आली तसे आमचे मालक म्हणाले होते, "दोन्हीकडची मिळून साठ नसतील, तर खलास, रान बंद." म्हणून सकाळी आमच्याकडे मोजलेला कळप संध्याकाळी कुंपणाच्या फाटकातून तुमच्या पाण्यावर आला, तेव्हा मी पुन्हा मोजला. बत्तीसची चौसष्ट झाली. परत आल्यावर तुम्ही विश्वासानं सही केलीत.

त्या आकड्यावर उद्या तुमच्या मालकांचे पाहुणे वीस हरणं मारणार आहेत. मागे बाराच उरतील.

हे पत्र पाठवत नाही, खणात ठेवते; मी गेल्यावर तुम्हाला सापडेल. आधी कळलं, तर तुम्ही दोष स्वतःवर घ्याल. मी आत्ताच दोन्ही मालकांकडे सांगायला निघाले आहे. व्हिसा गेला तर जाऊ दे.

माझी दुर्बीण दुबईत अल बर्शाला माझ्या लेकीकडे, मुग्धाकडे पोचवा. फाटकाची किल्ली तुम्ही ठेवा. शेडमधली लसूणघास आधी गाभण हरिणींना घाला. नरांना उरली तर.

तुमची,
मृणालिनी