छगननानांचा फोन का वाजला नाही

ती. कुंदाआत्येस,

धुळ्याहून अभिमनचा वाकून नमस्कार. तुझा डावा गुडघा (मागच्या पत्रात मी चुकून उजवा लिहिला होता, क्षमस्व) आता कसा आहे? रात्री तुझी झोपमोड करणारा फुवांचा खोकला थांबला असेल. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे; पण ते खरं नसल्यामुळे लिहीत नाही.

तुला माहीतच आहे, आमची कंपनी म्हणजे मालक प्रेमराजभाऊ, मी आणि दोन वायरमन. आम्ही कापसाच्या जिनिंगला, दवाखान्यांना, व्यापाऱ्यांना ऑफिसचे फोन देतो. मोठ्या कंपन्यांपुढे आम्ही टिकलो ते एकाच गोष्टीवर: आमचा फोन बंद पडत नाही. प्रत्येक ऑफिसला दोन वाटांनी लाइन जाते. रस्ता खोदताना एक तुटली तर दुसरी चालू राहते (दोन्ही तुटल्या तर वायरमन मोटरसायकलवर निघतो).

गेल्या महिन्यात तुमच्या चोपड्यातल्या केळीच्या व्यापाऱ्यांनी, छगननानांनी, आमची लाइन घेतली. किती फोन हवेत, असं मी विचारलं. नाना म्हणाले, "फोनना आकडा दोन शे. लिखी ले." घरी मीही 'आहे'ला शे-शेच म्हणतो, आत्या. पण कंपनीच्या खुर्चीत बसलो की माझे कान प्रमाण मराठी ऐकतात. शिवाय नववीपर्यंत शाळेत एवढं पक्कं शिकलो, की दोनशे हा शब्द तोडून लिहिला तर अशुद्ध. मी जोडून लिहिला. मनात म्हटलं, मोठा माणूस, गावोगाव केळी कापणारी माणसं, लागत असतील दोनशे.

एकाच माणसावर ताण येऊ नये म्हणून मी पाळीही लावली: पहिला कॉल पहिल्या फोनला, दुसरा दुसऱ्याला, असं दोनशेपर्यंत. त्यामुळे दोन कॉल नानांच्या टेबलावर वाजले, आणि पुढचे एकशे अठ्ठ्याण्णव कॉल जे फोन अस्तित्वातच नव्हते त्यांच्यावर. पहिले चार दिवस नाना खूश होते. "नवा फोन भारी शे भो, डोकाले तरास नही." तिकडे दिल्लीचे व्यापारी घंटा ऐकून कंटाळले आणि दुसरीकडून केळी भरू लागले. मी अहवालात 'सेवा शंभर टक्के चालू, एकही कॉल तुटलेला नाही' असं लिहिलं होतं. ते आजही खरं आहे.

पाचव्या दिवशी दोनशे फोनांचं बिल हाती पडलं आणि नानांचा मोबाइलवरून फोन आला. "बाकीना फोन काय केळीले टांगेल शेतस का रे भो?" मी माफी मागितली आणि चार मिनिटांत दुरुस्ती केली. पण नाना ऐकायला तयार नाहीत. शनिवारी दुपारपर्यंत टेबलावरचा फोन वाजला नाही तर लाइन काढून टाकणार. प्रेमराजभाऊ म्हणाले, "त्यांची लाइन निघाली, की तुझी खुर्चीबी निघाली समज."

फुवांना नमस्कार, तुमच्या रोहिणीला आशीर्वाद. औषध वेळेवर घे.

तुझा आज्ञाधारक भाचा,
अभिमन

ता. क. — दुरुस्ती झाली तरी फोन वाजणार नाही. मला इथे स्क्रीनवर दिसतंय, नानांनी रागात दोन्ही फोनच्या पिना उपसल्या आहेत. मोबाइलवर माझा नंबर त्यांनी ब्लॉक करून टाकला आहे. त्यांचं ऑफिस तुझ्या घरापासून चौथं. शनिवारी सकाळी जाऊन तेवढ्या दोन पिना लाव. हे मी तुला फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर ऐकण्यात चुका होतात, म्हणून चोपड्याला निघालेल्या तोतारामआबांच्या हाती पत्र देत आहे.

ता. क. दुसरा — जाताना चष्मा घाल आणि चेहरा गंभीर ठेव. चोपड्यात आमचा कायमचा तंत्रज्ञ आहे, दहा मिनिटांत हजर होतो, असं मी नानांना करारात लिहून दिलं आहे. सोबतच्या कागदावर तुझा हुद्दा मी भरला आहे. खाली पूर्ण नाव लिहून सही कर. नुसतं 'आत्या' लिहू नकोस.