माझा पाय आणि तोफेची कंबर

४ जानेवारी
आमच्या तोफेची कंबर धरलीय. तोफ म्हणजे माझी नात. मुलींच्या टीममध्ये सगळ्यांत फास्ट बोलिंग करते, म्हणून मैदानावर हे नाव पडलं. बडबड माझ्यावर गेलीय, असं सूनबाई म्हणते. कौतुकानेच म्हणत असणार.
सूनबाई म्हणाली, डॉक्टरला दाखवू. म्हटलं, घरात पायाळू असताना? जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले, मग बाकीची मी. पायाळूने पाय लावला की उसण पळते, हे शेंबडं पोरही सांगेल. शाळेत दुसरीच्या पुढे गेले नाही, पण पायाला कुठे शाळा लागते?

५ जानेवारी, सकाळी
दाराची चौकट धरून तोफेच्या कंबरेला पाय लावला. मुलगा म्हणतो, लाथ मारली. लाथ रागाची असते, हे त्याला कोण सांगणार! तोफ आधी आई गं म्हणाली, मग म्हणाली, आजी, एकदम बरं वाटतंय. डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं.

६ जानेवारी
तोफ मैदानावर गेली. जिना उतरताना कठडा धरत होती. हल्लीच्या पोरींना चालायचं वळणच नाही.

१९ जानेवारी
पुन्हा दुखतंय म्हणे. असर उतरला असेल. पुन्हा पाय लावला. या वेळी जरा लांबून.
माझ्यावर विश्वास नसेल तर वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंना विचारा. गेल्या वर्षी त्यांना पाय लावला, त्यानंतर एकदाही तक्रार घेऊन आल्या नाहीत. जिन्यात मी दिसले की भरभर वर चढतात. कंबर मोकळी झाल्याशिवाय कोण असं चढेल?

२ फेब्रुवारी
मॅचमध्ये चेंडू टाकून तोफ खाली बसली ती उठेना. सूनबाई मला न विचारता तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोठ्या मशीनमध्ये घातलं. उसण नाहीच म्हणे. कण्याच्या खालच्या हाडाला बारीक चीर गेलीय. एकाच जागी ताण पडून पडून जाते. आता तीन महिने बोलिंग बंद, पाठ मागे वाकवायची नाही, धक्का तर मुळीच नाही. आधी आणली असती तर लवकर सुटली असती. आता नीट भरली नाही तर खेळ विसरायचा.
सगळे माझ्या पायांकडे बघत होते. मी चपला घातल्या.

३ फेब्रुवारी
रात्री तोफ उशीत तोंड खुपसून रडत होती. मला मात्र, खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. एरवी ही पोर हाताला लागते कुठे? आता तीन महिने घरी! कोणकोणत्या गोष्टी सांगायच्या ते ठरवून ठेवलं. पहिली माझ्या जन्माची.

१८ फेब्रुवारी
फिजिओबाईंकडे गेलो. तोफेला उताणी झोपवतात, पोट आत धरायला लावतात आणि एक पाय सावकाश उचलायला सांगतात. बस, एवढंच! उभा राहिलेला माणूस पाय उचलतो त्याला किंमत नाही, झोपलेल्याने उचलला की फी. विचारलं, बाई, तुमची कंबर धरते का हो कधी? म्हणाल्या, धरते की. मी उठलेच होते. सूनबाईने दंड धरून खाली बसवलं.
घरी येऊन संकल्प केला. कुणालाही पाय लावायचा नाही.

१९ फेब्रुवारी
तोफ चटईवर पालथी होती. एवढी आयती कंबर समोर! नुसता अंगठा टेकवणार होते. तेवढ्यात मुलगा आत आला.
आता व्यायामाच्या वेळी मला खोलीत बंदी. दाराबाहेर खुर्ची टाकून बसते. बंद दारातूनही असर होत असावा.

१० मार्च
तोफेला विचारलं, तेव्हा एकदम बरं वाटतंय का म्हणालीस गं? म्हणाली, नाही म्हटलं असतं तर तू परत मारली असतीस.
लाजाळू आहे पोर.

२८ एप्रिल
माझी थोरली बहीण आली. अक्काला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती चहा पिता पिता म्हणाली, अगं, पायाळू मी. लोक मला बोलवायचे, तू माझ्या मागे मागे यायचीस. तू डोक्याकडूनच आलीस, तीही कोकलत. आई शेवटपर्यंत सांगायची.
तोफ कंबर धरून हसत होती. म्हणाली, आजी, हसताना दुखत नाही बघ!
अक्काचं वय झालंय. तिला काय आठवणार.

१२ मे
डॉक्टर म्हणाले, चीर भरली. आज मैदानावर फिजिओबाईंच्या देखत तोफेने अगदी सावकाश चेंडू टाकले. दुखलं नाही. मी लांब बाकावर पाय पोटाशी घेऊन बसले होते.

१२ मे, संध्याकाळी
जिन्यात शिंपीणकाकू दिसल्या. त्या भरभर चढायच्या आत म्हणून टाकलं, अहो, मी पायाळू नाहीच म्हणे.
त्या पहिल्यांदा थांबल्या. कठडा धरून हळूहळू पायरीवर टेकल्या. कंबरेला हा रुंद पट्टा. म्हणाल्या, हुश्श!
मग फिजिओबाईंचा नंबर मागितला.