दोन जुने आणि बाबांचा

प्रिय ठमे,

तू सांगितलंस तशी काल जुन्या लॅपटॉपच्या दुकानात जाऊन आले. तुझी यादी पर्समध्ये होतीच. फार जुना नको, चार्जर त्याचाच हवा, बॅटरी तासभर चालवून बघायची, आणि खाली दोन रेघा मारून, कॅमेरा चांगला हवा. दुकानदार यादी वाचून म्हणाला, काकू, सगळे अशी यादी घेऊन आले तर मला दुकानाला टाळं लावावं लागेल. मी म्हटलं, मुलगी स्वतः आली नाही हे तुमचं नशीब.

त्याने दोन समोर ठेवले. दोन्ही कुठल्याशा ऑफिसातून निघालेले, झाकणावर नंबराची चिठ्ठी खरवडल्याच्या खुणा. एक हलका, बॅटरी दमदार, पण त्याच्या कॅमेऱ्यात मी धुक्यात बसल्यासारखी दिसत होते. दुसरा जड, बिजागरी कुरकुरणारी, दोन-तीन बटणांवरची अक्षरं पुसलेली. पण त्यात माझ्या कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट. बिलं भरायची, फोटो बघायचे, लेकीशी बोलायचं, एवढ्याला कुठलाही पुरे, असं तो म्हणाला. निवड पाच मिनिटांत झाली होती. तरी मी बसून राहिले, कारण बदल्यात घ्यायचा म्हणून त्याने बाबांचा लॅपटॉप उघडला होता.

परवा फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस. आई, बाबांच्या लॅपटॉपचा कॅमेरा बिघडला त्याच वेळी मी दुसरा पाठवला असता तर आजारपणातला त्यांचा चेहरा मला दिसला असता, मी परीक्षा सोडून आले असते. माझ्या आळशीपणामुळे राहिलं. मी नेहमीसारखा घाईने फोन ठेवला. तुला वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते.

दुकानदाराने पडद्याच्या वरच्या कडेला नख लावलं आणि काळ्या चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा काढला. काकू, कॅमेरा ठणठणीत आहे की, कोणी सांगितलं बिघडलाय म्हणून? दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला आणि पिशवीत घातला. जड लॅपटॉप बांधू का, असं तो मागून विचारत होता. तो आणला असता तर माझं खोटं कायमचं पक्कं झालं असतं, आणि दोष तुझ्या माथी राहिला असता.

पट्टी मी लावली, ठमे. बाबा म्हणाले होते, परीक्षेपर्यंत तिला कळू देऊ नकोस, मला नुसता अशक्तपणा आहे म्हणून सांग. त्यांना तू दिसायचीस, तुला ते नाही. एवढं तू कदाचित समजून घेशील. पण परीक्षा संपली त्या दिवशी ते म्हणाले, आता काढ ती पट्टी, ठमीला बघू दे. मीच म्हटलं, उद्या काढते, आधी जरा दाढी करून देते, चेहरा बरा दिसू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी गरम करून आणलं तेव्हा ते गेले होते. हे फोनवर सांगायला तोंड उघडत नाही म्हणून लिहिलं. बाबांचा लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवला आहे. रविवारी नेहमीच्या वेळी मी त्याच्यासमोर बसेन. माझं तोंड बघावंसं वाटलं तर कॉल कर.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
आई