कारण : इतर

१९ नोव्हेंबर

दादा,

साष्टांग नमस्कार. पत्राच्या वर 'सा. न. वि. वि.' लिहायची आपली जुनी सवय. त्यातला नमस्कार ठेवला आहे, विनंती गाळली आहे. विशेष आहे, ते पुढे येईल.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. मेसेज केला असता तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. फोनवर तू बोलतोस आणि मी 'हो' म्हणते. कागदावर निदान मध्येच तोडता येत नाही.

आम्ही बरे आहोत. थंडीमुळे बाबांचा गुडघा धरतो. गोदामात पाय ठेवायला जागा नाही. पंपांच्या ऑइल सीलची खोकी जिन्याखालून बाथरूमच्या दारापर्यंत आली आहेत, हात धुवायला मला आडवं होऊन आत शिरावं लागतं. ही तुझ्या सिस्टिमची कृपा. आपल्याकडचा आकडा शून्यावर आला की कारखान्याला आपोआप ऑर्डर जाते, मध्ये माणूस लागत नाही, असं तू सगळ्यांना कौतुकानं सांगतोस. मध्ये माणूस असता तर त्यानं एकदा मान वळवून मागच्या रॅककडे पाहिलं असतं.

तू पाठवलेला मसुदा मिळाला. मी सही करून तो मोठ्या कंपनीला द्यायचा. 'पॅकिंगच्या महिला कर्मचाऱ्याने माल चोरल्याचे निष्पन्न झाले असून तिला कामावरून कमी केले आहे.' एवढं लिहून दिलं की आकडे सारखे शून्यावर येतात म्हणून थांबवलेलं आपलं खातं ते पुन्हा सुरू करतील आणि त्यांच्या पंपदुरुस्तीच्या केंद्रांना आपला माल पुन्हा दिसू लागेल. निष्पन्न म्हणे. कुणी केलं निष्पन्न? तू इथं पाऊल टाकलं नाहीस, एक खोकं उघडून पाहिलं नाहीस. उंटावरून शेळ्या हाकल्यास, आणि त्यातली एक मारून टाकलीस.

मी सही करणार नाही.

मावशी आपल्याकडे पॅकिंगला लागल्या तेव्हा तू शाळेत होतास. तुझ्या वह्यांना पॅकिंगच्या खाकी कागदाची कव्हरं त्या घालून द्यायच्या, आणि कोपरे इतके नीट दुमडायच्या की तुझ्या बाईंनी ते वर्गाला दाखवले होते. त्यांना तू फोनवरून चोर म्हणालास. फोन स्पीकरवर होता. हमाल उभे होते. फोन स्पीकरवर ठेवा, सगळ्यांनी ऐकू द्या, असं तूच म्हणाला होतास. मावशींनी हातातली चिकटपट्टी टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि गेल्या. उलटून एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं, बोलायला काही नसेल. हे तुझ्याकडून शिकले मी, गप्प माणसाला दोषी धरायचं.

तुझा हिशेब सरळ होता. माल दर वेळी दुपारी गायब होतो, तोही पॅकिंगच्या टेबलावरच्या लॉगिनवरून. टेबल मावशींचं, म्हणून चोर मावशी. माल रॅकवर आहे, असं मी सांगितलं, तर तू म्हणालास की नव्या मालानं जुनी चोरी झाकली आहे. "चिमे, स्क्रीन खोटं बोलत नाही." स्क्रीन खोटं बोलत नाही हे खरंच. तिला कुणी काही विचारलं तर ना.

कोण करत होतं, ते मला कळलं आहे. लिहायला बसल्यापासून तेच टाळते आहे. ते कळल्यावर तू सुटकेचा निःश्वास टाकशील, 'हात्तिच्या, एवढंच?' म्हणशील, आणि मला ते सहन होणार नाही.

मावशी गेल्यावरही आकडा शून्यावर आला. तुला वाटलं, बाईनं जाताना पासवर्ड नेला. साप म्हणून भुई किती धोपटशील? मी दुपारी वरच्या ऑफिसातून खाली उतरले. पॅकिंगच्या टेबलाशी बाबा बसले होते. नाकावर चष्मा, एक बोट पुढे. समोर गोदामाचा फोन ठेवलेला, जेवणाचं ताट वाढून ठेवावं तसा सरळ. त्यांनी एक बटण दाबलं. नंतर स्क्रीनकडे पाहिलंच नाही, फोनकडे पाहत राहिले. आणि फोन वाजला.

मी रॅकच्या मागे उभी होते. तुझा आवाज मलाही ऐकू येत होता. ते म्हणाले, "बघतो रे. तू जेवलास का?"

तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. "आत्ता नको, बाबा." आणि ठेवलास.

त्यांनी शर्टाच्या टोकानं फोन पुसला आणि जागेवर ठेवला.

मग मी पुढे आले. त्यांनी काही लपवलं नाही. पहिल्यांदा खरंच चुकून झालं होतं. आपल्या गोदामात बंद खोक्याला 'नग' म्हणतात, आजोबांपासून. तुझ्या सिस्टिमला नग म्हणजे एक सील. मावशी जेवायला गेल्या असताना त्यांना मदत म्हणून बाबांनी खोकी मोजली आणि तेवढेच नग स्क्रीनवर भरले. हजारांचा माल मूठभर झाला. स्क्रीन लाल झाली, आणि त्याच क्षणी तुझा फोन. तू चिडलास, 'मावशींना विचारा काय घोळ घातलाय' म्हणालास. बाबा 'विचारतो' म्हणाले. तिथंच खरं सांगायला हवं होतं, हे त्यांनाही मान्य आहे. पण मग तू म्हणे त्यांना आकडा कसा तपासायचा ते समजावून सांगितलंस, न चिडता, बराच वेळ. आणि शेवटी विचारलंस, गुडघा कसा आहे.

दिवाणखान्यातून त्यांनी लावलेले फोन तू घेत नाहीस, मीटिंग असते. शून्य दिसलं की मात्र तुला मीटिंग नसते. एवढं गणित त्यांना जमलं. तू म्हणतोस ते थकलेत, त्यांना काही कळत नाही. तुझी सिस्टिम त्यांच्याइतकी आपल्यापैकी कुणालाच कळलेली नाही.

मावशी लेकीकडे गेल्यात, अशी थाप मी बाबांना मारली होती. त्या दुपारी खरं सांगितलं. ते उठले, चपला घातल्या आणि तो गुडघा घेऊन मावशींच्या घरी चालत निघाले. रिक्षा नको म्हणाले. मी मागून गेले. मावशींनी दार अर्धंच उघडलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, दादा. जेवून लवकर परतल्या होत्या, तेव्हा त्यांनी बाबांना पाहिलं होतं. मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मालकांचं नाव घेतलं असतं तर तुमच्या भावानं त्यांनाही खाली उतरायची बंदी केली असती." बाबा हात जोडू लागले तर त्यांनी ते हात धरले. "तुम्ही नका. ज्यानं म्हटलं त्यानं यायचं." आणि दार लावून घेतलं. तू जाईपर्यंत त्या कामावर येणार नाहीत.

आता विशेष.

कंपनीला उत्तर मीच देते आहे. भागीदार म्हणून माझी सही चालते, तूच तशी सोय केली होतीस, स्वतःला त्रास नको म्हणून. त्यांच्या पोर्टलवर चुकीच्या आकड्यांचं कारण निवडावं लागतं. चोरी, नुकसान, मोजणीतील चूक, इतर. मी 'इतर' निवडलं आहे. त्यापुढे एक रिकामी चौकट येते. बाबा शेजारी बसले आहेत. काय लिहू, विचारलं. मला वाटलं, 'चूक' लिही म्हणतील. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं ते जसंच्या तसं भरलं : 'माल पूर्ण आहे. पॅकिंगच्या बाईंचा दोष नाही. मुलाचा फोन यावा म्हणून आकडे मी बदलले.' खाली स्वतःचं नाव घालायला लावलं.

हे पत्र पोस्टात टाकून आले की ते उत्तर पाठवते. त्याची प्रत तुझ्या फोनवर लगेच येते, म्हणजे तू हे वाचशील तेव्हा तुझा फोन इथं येऊन गेलेला असेल. मी तो घेतलेला नसेल. त्यांनी घेतला असेल. खातं कायमचं बंद पडलं, हसं झालं, म्हणून तू ओरडला असशील. त्यांनी ऐकून घेतलं असेल आणि तू जेवलास का ते विचारलं असेल. या वेळी काय उत्तर दिलंस, ते मला सांगू नकोस.

मावशींकडे जायचं असेल तर एकटा जा. मी बरोबर येणार नाही, शब्दही टाकणार नाही. तू आलाच नाहीस, तर पॅकिंग मी आणि बाबा करू. आमचे कोपरे वाकडे येतात, येऊ देत.

अजून तरी तुझीच,
चिमी