बत्तीस पत्त्यांचा कॅट

ड्रेस्डेन, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या सुनेवर घोर अन्याय झाला आहे आणि त्याची दाद या देशात कुठेही लागत नाही. प्रकाशकांनी पाहण्यासाठी पाठवलेली नऊ पुस्तकं मी घरी नसताना आली. पोस्टमनने ती इथल्या रीतीप्रमाणे शेजाऱ्यांकडे ठेवली. शेजारी चौथ्या मजल्यावर, आपण तळमजल्यावर, लिफ्ट नाही. हे गृहस्थ संध्याकाळी सहा ते सात एवढ्याच वेळात दार उघडतात. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, एवढं सगळं वाचणार कोण. खरा अन्याय तो.

पुस्तकं संभाव्यताशास्त्राची आहेत. पहिल्या वर्षाच्या इंजिनियरिंगला मी हा विषय शिकवते, त्यासाठी एक पाठ्यपुस्तक एप्रिलअखेर सुचवायचंय. ग्रंथालय त्याच्या साठ प्रती घेईल, म्हणजे पुढची सात-आठ वर्षं पोरं त्यालाच धरून तरतील किंवा बुडतील. गेल्या वर्षी शंभरातले एकेचाळीस बुडाले. त्यामुळे खात्याची नजर माझ्यावर आणि माझी पुस्तकांवर आहे. मला त्यातलं सातशे पानांचं रंगीत आवडलंय. नाणी, फासे, पत्ते, सगळं कसं झळझळीत. तुमची नात अवनी म्हणाली (जर्मनमध्येच, मराठीतून उत्तर देण्याचा उपद्व्याप ती करत नाही) की हे पुस्तक कॅसिनोच्या जाहिरातीसारखं दिसतंय. पंधरा वर्षांच्या मुलीला कॅसिनो कसा दिसतो हे ठाऊक आहे, यावर तुमचा मुलगा नुसता हसला.

यंदा जीव टांगणीला आहे तो एका विद्यार्थिनीपायी. फ्राऊ (म्हणजे बाई) लोरेन्त्स, वय चौतीस. आठ वर्षं इथली ट्राम चालवली, आता शिकतायत. शनिवार-रविवारी अजून चालवतात. दोनदा नापास झाल्यात. इथे तिसरी परीक्षा शेवटची. त्यात गेल्या तर ही पदवी त्यांना कायमची बंद. पुढच्या बाकावर बसतात. तास संपला की इथे टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. सगळ्यात मोठी टकटक त्यांची. वीस तारखेला परीक्षा आहे.

तर तुमचा सल्ला हवाय. तेहतीस वर्षं तुम्ही साताऱ्यात हेच शिकवलंत. फोनवर विचारलं असतं, पण कानयंत्र तुम्ही देवघरात ठेवता, कानात नाही. म्हणून ही छापील चिठ्ठी, खालच्या संध्यावहिनी प्रिंट काढून वर आणून देतीलच.

लोभ आहे तेवढा राहावा, कपात होऊ नये.

आपली,
अरुंधती


सातारा, ११ फेब्रुवारी

चि. सौ. अरुंधतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. संध्याने अक्षर मोठं करून दिलं, त्यामुळे तुझ्या तक्रारीने दीड पान खाल्लं. शेजाऱ्याने दार उघडलं हे काय कमी आहे? आमच्या वरच्यांनी माझी पातेली दोन वर्षं ठेवून घेतलीयेत. कानयंत्र देवघरात असतं कारण तिथेच शांतता असते.

पुस्तक कुठलं म्हणून मला विचारू नकोस. मी शिकवायला लागले तेव्हा आमच्याकडेही नाणी-फासे-पत्तेच होते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी पत्त्यांना हात लावला तर जेवण बंद व्हायचं. एकीने मला विचारलं होतं, बाई, बदामाचा राजा एकच असतो की दोन. वर्ग हसला. मीही हसले, त्याची आजही लाज वाटते. तेव्हा पुस्तक चाळताना एवढंच बघ, त्यातली उदाहरणं कुणाच्या घरात जन्मली आहेत आणि तुझ्या वर्गात त्या घरचे किती आहेत.

पुढे मी माझी वही केली. एसटीची वाट बघणं, बियाण्याची उगवण, मंडईतली नासकी अंडी. ती वही तू जर्मनीला नेलीस. सापडली तर बघ, नाही सापडली तरी माझं काही म्हणणं नाही.

आणि एक आठवण. लग्नानंतरच्या तुझ्या पहिल्या दिवाळीत मी तुझ्यापुढे तीन डबे ठेवले होते. एकात दोन बेसनाचे लाडू, एकात दोन रव्याचे, एकात एक-एक. न बघता एका डब्यात हात घालून तू लाडू काढलास, तो बेसनाचा निघाला. त्याच डब्यातला दुसराही बेसनाचा असण्याची शक्यता किती, असं विचारलं. तू पटकन निम्मी म्हणालीस आणि वर, आई, हे गणित आहे की फराळ, असंही म्हणालीस. बरोबर उत्तर आल्याशिवाय दुसरा लाडू नाही, असं मी सांगितलं होतं. एकोणीस वर्षं झाली. तू एम.एस्सी. झालेली, म्हणून आठवण करून दिली नाही.

हृषिकेशला म्हणावं, गरम कपडे घाल. अवनीला पापा, तो कुठल्याही भाषेत चालेल.

मनोरमा


ड्रेस्डेन, १४ मार्च

तीर्थस्वरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी मनात म्हटलं होतं, साताऱ्याचं साताऱ्यात ठीक आहे, पत्ते तर साऱ्या जगाला माहीत असतात. आज ते वाक्य गिळायला बसलेय.

फ्राऊ लोरेन्त्स नापास झाल्या. चाळीसला पास, त्यांना अडतीस.

इथे निकालानंतर एक दिवस ठरलेला असतो, विद्यार्थी येऊन आपला तपासलेला पेपर बघतात. काल त्या ट्रामच्या गणवेशातच आल्या. रडणं नाही, विनवणी नाही. फक्त विचारलं, सहाव्या प्रश्नात माझं कुठे चुकलं ते सांगा, निदान कळेल तरी. प्रश्न असा होता, पत्त्यांच्या पूर्ण कॅटमधून लागोपाठ दोन पत्ते काढले, दोन्ही एक्के असण्याची शक्यता किती. चार गुण. उत्तर दोनशे एकवीसात एक. त्यांनी लिहिलं होतं दोनशे अठ्ठेचाळीसात तीन, आणि मी लाल शाईने शून्य दिलं होतं.

मी ऐटीत समजावायला घेतलं की बावन्न पत्ते, चार एक्के. त्या म्हणाल्या, बावन्न का? आजोबांबरोबर त्या दर रविवारी स्काट हा इथला पत्त्यांचा डाव खेळत लहानाच्या मोठ्या झाल्या. स्काटचा कॅट बत्तीस पत्त्यांचा. त्यांच्या घरी, शेजारी, डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत कॅट म्हणजे तोच. बत्तीस धरून त्यांचं गणित अचूक होतं आई, पायरी न् पायरी.

मी मूळ प्रश्न काढून पाहिला. इंग्रजी पुस्तकात "बावन्न" छापलेलं होतं. जर्मनमध्ये उतरवताना मीच तो आकडा गाळला होता, जगजाहीर म्हणून. मग शहाण्णव पेपर परत उघडले. तेवीस जणांचं उत्तर तेच, दोनशे अठ्ठेचाळीसात तीन. बहुतेक सगळे इथलेच. आपल्याकडून आलेल्या पोरांनी मात्र बावन्न धरले, आणि मला वाटलं होतं ती हुशार आहेत.

त्यांना मी एवढंच म्हटलं की बघते. त्यांनी तक्रार केली नाही. आभार मानले आणि ड्यूटीवर गेल्या. विभागप्रमुखांना सांगितलं, तर ते म्हणाले, कुणी अर्ज केलेला नाही, निकाल लागलाय, पुस्तकाच्या निवडीच्या तोंडावर परीक्षा समितीपुढे स्वतःची चूक कशाला मांडता. अवनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, गेनाऊ (म्हणजे बरोब्बर), मग चूक तुझीच ना, आणि पुन्हा फोनमध्ये गेली.

तुम्ही असता तर काय केलं असतं, हे विचारायला लिहायला बसले होते. लिहून झाल्यावर वाटतंय, मला ते ठाऊक आहे.

आपली,
अरुंधती


सातारा, २० मार्च

चि. सौ. अरुंधतीस आशीर्वाद.

हे तुझ्या हाती पडेपर्यंत तू समितीला कळवलं असशील, म्हणून सल्ला देत नाही.

मी असते तर काय केलं असतं, ते मात्र तुला ठाऊक नाही. बदामाचा राजा विचारणारी ती मुलगी, आत्माराम गवळ्यांची देवश्री. वार्षिक परीक्षेत पत्त्यांच्याच प्रश्नावर तीन गुणांनी गेली. मला कळत होतं की प्रश्न चुकीच्या घरातून आलाय. पण नोकरीचं दुसरं वर्ष होतं, निकाल लागला होता, मी गप्प बसले. घरच्यांनी जूनमध्ये तिचं लग्न लावून दिलं. वही मी त्यानंतर लिहिली. पुढच्या शेकडो मुलींना उपयोगी पडली, तिला नाही.

चाळीस-चव्वेचाळीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. तू पत्राने विचारलंस म्हणून सांगितलं, फोनवर ऐकूच आलं नसतं.

मनोरमा


ड्रेस्डेन, २७ एप्रिल

तीर्थस्वरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी समितीला लिहिलं होतं. हे मुद्दाम सांगतेय, श्रेय वाटून घ्यायचं नाही म्हणून.

समितीत पाच माणसं. मी प्रश्न वाचून दाखवला आणि कॅटमध्ये पत्ते किती ते विचारलं. तिघांनी बत्तीस म्हटलं. विभागप्रमुखांनीही, तोंडातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही उत्तरं बरोबर धरायची ठरली. तेवीस जणांचे गुण वाढले, त्यातले सात पास झाले. फ्राऊ लोरेन्त्स बेचाळीस. मी त्यांना फोन करून कळवलं. मग पलीकडून लाकडावर टकटक ऐकू आली.

पुस्तक म्हणून मी सगळ्यात बारीक सुचवलं. एकशे ऐंशी पानं, एकही रंग नाही, पण सिद्धांत नितळ मांडलाय आणि उदाहरणं इतकी कमी की आपली घालता येतात. खात्याने मान्य केलं. उदाहरणांची पुरवणी मी करतेय. एसटीच्या जागी ट्राम आली, आणि ट्राम किती उशिरा येते याचे आकडे फ्राऊ लोरेन्त्स तपासून देतायत. अंडी इथेही नासतात. पहिल्या पानावर लिहिलंय, साताऱ्याच्या मनोरमाबाईंच्या वहीवरून. वर्ष १९८१.

वही सापडली नव्हती, कारण ती हरवलीच नव्हती. एकोणीस वर्षं माझ्या संगणकाच्या पडद्याखाली होती, पडदा डोळ्यांच्या पातळीवर यावा म्हणून. आता तिथे सातशे पानांचं रंगीत ठेवलंय, उंची झकास जमलीय. वहीला कापडी कव्हर घातलं. मे महिन्यात हृषिकेश येईल, त्याच्याबरोबर परत पाठवतेय.

कानयंत्र देवघरातच राहू द्या, पत्रं चालू ठेवा. माया पातळ होऊ नये, एवढंच मागणं.

आपली,
अरुंधती

ता. क. लाडवाचं उत्तर दोन तृतीयांश. त्याच संध्याकाळी सोऱ्या धुताना लक्षात आलं होतं.